गाडीची खांदेमळणी

केसरबाई बोलायला लागली की वादळ बरं म्हणायची पाळी यायची. पण ती गप बसली म्हणजे समजायचं, आज कुणाचं तरी काही खरं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला ती अशीच ओट्यावर तोंड मिटून बसलेली होती. समोर अंगणात तिचा नवरा राधाकिशन, सत्तरी ओलांडलेला माणूस, वाटीत लोणी आणि हळद कालवून पोराच्या गाडीच्या बंपरला चोळत होता.

चोळत होता म्हणजे कसा? आधी उजवी बाजू, मग डावी, जू जिथं बसतं तिथं बैलाच्या खांद्यावर हात फिरवावा अगदी तसा. "लई वझं वढलंस बाबा," असं काहीतरी पुटपुटत होता. सगळं चोळून झाल्यावर बंपरवर हात ठेवून त्यानं म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

ते ऐकलं आणि केसरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ते आवतण बैलांचं. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून ह्याच अंगणात, खांदेमळणीच्या सांजेला, बैलाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलेलं. आणि आज हा माणूस ते प्लास्टिकला सांगतो म्हणजे काय?

"जेवायला तोंड तरी हाय का तिला?" ती म्हणाली.

"डिझेल पिती की," राधाकिशन म्हणाला, आणि वाटीतली उरलेली हळद त्यानं बंपरच्या कोपऱ्यात जिरवली.

आता म्हाताऱ्याला काही खूळ लागलं नव्हतं. गोष्ट मानाची होती. घाटनांदूरच्या अलीकडं ही एवढीशी वाडी, पण तिच्या पोळ्याला शिस्त मोठी. वेशीत तोरण बांधायचं आणि त्याच्याखालून पहिली जोडी जायची ती राधाकिशनच्या दावणीची. पणज्यापासून हे चालत आलेलं. मग दोन वर्षांमागं लम्पीची साथ आली आणि दावणीची जोडी, हौश्या-नवश्या, दोघंही एकामागोमाग गेले. त्या वर्षीचा पोळा कोरडा गेला, पुढचाही गेला. वाडीचा नियम असा की तीन पोळे ज्या दारातून काही निघालं नाही, त्या दाराचा मान उठला. तो दुसऱ्या घरात जाणार आणि परत येणार नाही. हा तिसरा पोळा होता.

लोक म्हणाले, बैल विकत आणा. राधाकिशन उखडला. "एका दिसासाठी बैल आनू? नवरदेव कुणी भाड्यानं आनतंय का?" पोरगा बजरंग सगळी शेती ट्रॅक्टरवाल्याकडून करून घेत होता. दावणीला बांधून बैलांना नुसतं बसवून खाऊ घालायचं, तर तो बैलाचाच अपमान, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. शेवटी वाडीचे कारभारी बबनराव, जुना समजूतदार माणूस, त्यांनीच तोड काढली. ते म्हणाले, "ज्याच्या खांद्यावर घर चालतं ते पुढं. तुमचं घर आता बजरंगच्या गाडीवर चालतंय. दूध डेअरीला तीच नेती, अडलेली बाई अंबाजोगाईच्या दवाखान्यात तीच पोचवती. तीच आना तोरणाखाली." मात्र एक अट सगळ्या म्हाताऱ्यांनी घातली. पहिल्या जोडीला मानाच्या घरची बाई वेशीत येऊन ओवाळते, आणि ते झाल्याशिवाय तोरण तुटत नाही. तेवढं रीतीनं झालं पाहिजे.

मानाच्या घरची बाई म्हणजे केसरबाई. आणि तिनं ऐकल्याबरोबर सांगून टाकलं होतं, "निर्जीवाला ओवाळायची न्हाई मी. पुन्हा म्हनून इचारू नका." म्हणजे पणज्यापासूनचा मान त्या रात्री एका बाईच्या ताटावर येऊन अडकला होता, आणि ती बाई ओट्यावर तोंड मिटून बसली होती.

खरं सांगायचं तर गाडीकडं बघून कुणाच्याही मनात ओवाळण्याची इच्छा झाली नसती. इंजिन ठणठणीत, पत्रा पांढरा आणि साफ, पण बंपर, चाकांवरच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या, हे जे सगळं काळं प्लास्टिक असतं ना, ते आपल्याकडच्या उन्हानं पार खाऊन टाकलेलं. काळ्याचं झालं होतं करडं, करड्याचं झालं पांढुरकं. बजरंग दर महिन्याला खोबरेल फासायचा. दोन दिवस बरं दिसायचं, मग त्याच तेलाला रस्त्याची धूळ चिकटायची आणि पहिल्यापेक्षा घाण व्हायची.

सकाळी उठून बघतात तर बंपर पिवळाधमक. वाळकं, भेगाळलेलं प्लास्टिक ते, रात्रभर हळद प्यालं होतं. बजरंगची बायको सत्यशीला कामाला विजेसारखी. तिनं सासऱ्याचं तोंड उतरलेलं पाहिलं, म्हणाली "थांबा आबा, आता काढते," आणि बादलीत साबणाची पावडर कालवून घसाघस घासायला लागली. आता हळदीला साबण लागला की काय होतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? तिलाही ठाऊक होतंच. पण घाईत माणसाची अक्कल आधी पळते. बघता बघता अख्खा बंपर लालभडक झाला, कुंकू सांडल्यासारखा. घासेल तसा आणखी लाल.

तेवढ्यात अंगद आपली बैलजोडी धुवायला ओढ्याकडं निघालेला. वाडीत आता बैल म्हणावेत असे त्याचेच उरलेले. तो थांबला, त्यानं गाडीकडं पाहिलं आणि म्हणाला, "आबा, गाडीचं लगीन काढलं व्हय? हळद झाली, कुंकूबी झालं. नवरदेव कुठला हाय?"

त्याच्या मागून जाणारी माणसं हसली. वाईट मनानं हसली नाहीत, पण हसली. राधाकिशन रिकाम्या दावणीच्या दगडावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. केसरबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. रात्रभर तिला वाटत होतं, होऊ दे फजिती, बरं होईल. आणि आता झाली, तर तिला हसू येईना. नवऱ्याची वाकलेली मान तिला बघवेना. पण हट्ट हट्ट असतो. ती आत गेली आणि पुरणाची डाळ शिजली का बघायला लागली.

बजरंगनं रुद्रेशला फोन लावला. रुद्रेश म्हणजे घाटनांदूरच्या वैजिनाथ शेटचा पोरगा. बापाच्या किराणा दुकानाचा अर्धा भाग भिंत घालून वेगळा केलेला, तिथं तो गाड्यांची सीटकव्हरं, पॉलिश, सजावट असलं करायचा. सणाचं घर सोडून मोटारसायकलीवर आला बिचारा. त्यानं बंपरवर नख ओढून बघितलं.

"काका, प्लास्टिक काळं म्या लई येळा केलंय," तो म्हणाला. "पन हळद-कुंकवाचं प्लास्टिक म्या आजवर बघितलं न्हाई. जमंल का न्हाई, देवाला ठावं."

आधी त्यानं लिंबं मागवली. लिंबू चोळलं तसा लाल रंग उतरून पुन्हा पिवळा झाला. सत्यशीलानं सुटकेचा निःश्वास टाकला, निदान कुंकू तरी गेलं. मग गाडी तोंड फिरवून उन्हात उभी केली. नशिबानं त्या दिवशी उघडीप होती. हळदीला ऊन सोसत नाही, हे हळद लागलेलं धोतर वाळत घातलं की आपण बघतोच. पिवळा फिका पडला, पण गेला नाही. आणि वेळ तर कुणासाठी थांबत नाही. दुपार कलली की वेशीत हलगी वाजणार.

"आता मशीन लावतो," रुद्रेश म्हणाला. "गरम हवेचं हाय. करंट मोठा लागंल, चांगला प्लग कुठं हाय?"

चांगला प्लग घरात एकच होता, स्वयंपाकघरात, आणि त्याला केसरबाईचा मिक्सर लावलेला होता, पुरण वाटायला. बजरंगनं न विचारता मिक्सरची पिन काढली आणि वायर जोडून बाहेर नेली. झालं. केसरबाई तावातावानं बाहेर आली. हातात पुरणाचं उलथनं तसंच.

"कावून काढलास रे माझा मिक्सर? सणाच्या दिवशी लेकरं उपाशी ठिवायची का, तुमच्या ह्या बंपरापायी?"

तिला एवढंच बोलायचं नव्हतं, आणखी बरंच होतं. पण तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

रुद्रेशनं मशीन सुरू केलं होतं. पिस्तुलासारखं ते, तोंडातून नुसती झळ सोडत घोंघावत होतं. बंपरच्या मागच्या कोपऱ्यावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं ती झळ आधी धरून पाहिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या पांढुरक्या, पिवळट, मेलेल्या प्लास्टिकवर एक काळा ठिपका उमटला. ठिपका वाढला. रुद्रेश हात हळूहळू सरकवत होता आणि त्याच्या हाताखाली काळी वाट तयार होत चालली होती, ओल्यासारखी दिसणारी पण कोरडी. दाट, गार, डोळ्याला निववणारा काळा रंग. हळद जिथं होती तिथंही काळाच.

केसरबाईनं आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं पाहिलं. मग पिशवीकडं. डबा नाही, ब्रश नाही, फडकं नाही.

"रंग कुठं हाय तुजा?" तिनं विचारलं.

"रंग न्हाई काकू. काहीच लावलं न्हाई."

"मग ह्यो काळा आला कुठून?"

"आतूनच. कारखान्यात बनवताना त्यो आत मुरवलेला असतुया. उन्हानं वरची साल मारली, म्हून पांढरं दिसायलंय. जाळ लागला की ती साल इरघळून बसती अन् आतलं वर येतंय."

केसरबाई पायरीवर बसली. उलथन्यावरचं पुरण वाळत होतं, त्याची तिला शुद्ध नव्हती.

तिला तिचा बाप दिसला. तिचं माहेर तलवाड्याचं. पोळ्याच्या आधी बाप काचेचा तुकडा घेऊन बैलाची शिंगं साळायला बसायचा आणि ती बैलाची मान धरायची. वरून शिंग कसं असायचं? करडं, खरबरीत, उन्हातान्हानं चिरा गेलेलं. काच फिरली की भुसा पडायचा आणि खालून काळं निघायचं. तिला दर वर्षी ते नवं वाटायचं. दर वर्षी ती बोट लावून बघायची, खरंच आतून आलं का बापानं काही लावलं. इतक्या वर्षांनी, ह्या वयात, तेच परत तिच्या डोळ्यांपुढं होत होतं. हे काय आहे, हे तिला सांगता आलं नसतं. देवळात मूर्तीवरचा जुना शेंदूर निघतो आणि खालचा दगडाचा देव दिसतो, तेव्हा माणसं जशी गप होतात तशी ती गप झाली. आणि ही तिची नेहमीची गप नव्हती.

"हात लावू का?" तिनं विचारलं.

"जरा दम धरा, पोळंल."

तिनं दम धरला. मग बोट लावलं. गुळगुळीत होतं आणि कोमट होतं. बोटाला काही लागलं नाही. तिनं बोट पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं.

"दे हिकडं," ती म्हणाली.

सत्यशीला म्हणाली, "आत्याबाई, भाजंल तुमाला." पण तोवर केसरबाईनं मशीन हातात घेतलं होतं. रुद्रेशनं मनगटाला आधार दिला आणि एवढंच बजावलं की एका जागी थांबायचं नाही, थांबलं की वितळलं. ती कशाला थांबते? शिंग साळतानाही काच एका जागी ठेवत नसतात. डोक्यावरचा पदर मागं टाकून तिनं बंपरची डावी बाजू हळूहळू काळी केली. मधेच हसली, मधेच जिभेनं च् च् केलं. बजरंग आईकडं बघत राहिला. दोन वर्षांत त्यानं तिला असं कशात रमलेलं पाहिलं नव्हतं. दावणीवर बसलेला राधाकिशनही उठून आला होता, पण काही बोलायची त्याची छाती झाली नाही. ओवाळायला येतेस का, हे विचारायचं नाही असं तिनंच बजावलेलं.

बंपर झाला, कमानी झाल्या, पट्ट्या रुद्रेशनं उरकल्या. गाडीच्या पांढऱ्या पत्र्याला काळ्यानं असा उठाव आला की बजरंगला ती आणल्या दिवशीची आठवली. केसरबाईनं मशीन परत दिलं, उलथनं उचललं आणि आत गेली. मिक्सर घरघरायला लागला.

मंडळी गाडी घेऊन वेशीकडं गेली तेव्हा घरात ती एकटी उरली. पोळ्या लाटून झाल्या. ताट कोनाड्यात होतं, तिनं ते काढलं, निरांजन ठेवलं, कुंकवाचा करंडा ठेवला, आणि परत चुलीपुढं येऊन बसली. लांबून हलगी ऐकू येत होती.

तिचा राग गाडीवर नव्हताच. हे तिला आज कळलं होतं आणि ते कळणं तिला झेपत नव्हतं. हौश्या गेला तेव्हा तिनं डोळ्याला पाणी येऊ दिलं नाही, कारण नवश्या आजारी होता, त्याच्यापुढं रडायचं कसं? नवश्या गेला तेव्हा राधाकिशन अंथरुणाला खिळला, म्हणून तेव्हाही नाही. मग रडायची वेळ निघून गेली. आणि दुसऱ्या कशाला ओवाळलं तर ते दोघं खरंच गेले असं होईल, म्हणून ती ताट हातात घेत नव्हती. बास, एवढंच होतं. रंगच उडाला, मेलंच सगळं, असं धरून ती दोन वर्षं बसली होती. आणि मघाशी तिच्याच हाताखाली काळं वर आलं होतं, काही न लावता.

हलगी थांबली. म्हणजे सगळे तिची वाट बघायला लागले होते.

वेशीत गर्दी जमली होती. आंब्याच्या पानांचं तोरण, खाली गाडी. गाडीला झूल नव्हती, बाशिंग नव्हतं. राधाकिशननं नुसता जुना कासरा बंपरला बांधून त्याचं टोक हातात धरलं होतं आणि तो खाली मान घालून उभा होता. गाडीमागं अंगदची झूल घातलेली जोडी, तिच्यामागं फुगे लावलेले ट्रॅक्टर. सकाळी हसलेली माणसं आता पुढं होऊन बंपरला हात लावून बघत होती आणि एकमेकांना विचारत होती, ह्यो तोच का? बबनरावांनी कलत्या उन्हाकडं बघितलं. घसा खाकरला. "राधाकिशनराव," ते हळू आवाजात म्हणाले, "आता..."

"वाट द्या की," मागून आवाज आला. "माणसानं का उडून यावं?"

गर्दी बाजूला झाली. केसरबाई डोक्यावर पदर घेऊन, ताट घेऊन, घामाघूम होऊन आली होती. राधाकिशननं मान वर केली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. सरळ गाडीपुढं गेली, निरांजन लावलं आणि ओवाळलं. करंड्यात बोट बुडवलं तसा, आता पुन्हा लाल होतंय की काय म्हणून गर्दीतला रुद्रेश पांढराफटक पडला. कुंकवाचं बोट बंपरपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. तिला ते काळं मोडवेना. तिनं बोट पदराला पुसलं, ताट सत्यशीलाच्या हातात दिलं, आणि दोन्ही तळवे बंपरवर ठेवून त्या काळ्यावर डोकं टेकवलं.

टेकवलं ते टेकवलं. उठेना. मग लोकांना तिचे खांदे हलताना दिसले. सगळ्या वाडीला जिच्या तोंडाची भीती, ती केसरबाई भर वेशीत हमसून हमसून रडत होती. अंगदनं आपल्या बैलांच्या घुंगरमाळा हातानं धरल्या, वाजू नयेत म्हणून.

राधाकिशन घाबरला. त्याला वाटलं, जबरदस्ती झाली. जवळ जाऊन तो म्हणाला, "केसर, ऱ्हाऊ दे. तुला न्हाई पटत तर ऱ्हाऊ दे मान. जाऊ दे दुसऱ्याच्या घरी. तुज्याहून का मोठा हाय?"

तिनं डोकं वर केलं. नाक, डोळे पदरानं पुसले.

"पटत न्हाई कोन म्हनतंय?" ती म्हणाली. "दोन वर्सांनी दावनीला कुनीतरी आलंय. रडू बी नको का?"

बबनरावांनी हलगीवाल्याला हात केला. बजरंगनं गाडी सुरू केली. राधाकिशन कासरा खांद्यावर टाकून पुढं झाला, आणि वाडीच्या रीतीप्रमाणं मागं वळून न बघता तोरणाखालून चालू लागला. तोरण तुटलं. केसरबाई बंपरवर हात ठेवून गाडीच्या बाजूनं चालत होती.

"सावकाश घे रे बजरंगा," ती म्हणाली. "तुज्या बापाच्या पायानं चाल. अन् लई येळ लावू नका, पोळ्या गार व्हायल्यात."